बारदान नाना

आप्पा केळीच्या ट्रकवरून पडले आणि आमच्या घराची कमाई एका दुपारी बंद झाली. आप्पांचं काम घड वाहायचं. बागेत कापलेला घड खांद्यावर घ्यायचा, चिखलातून बांधावरच्या ट्रकपर्यंत न्यायचा, वर चढून पाल्याच्या थरावर रचायचा. पाठीचा मणका सरकला आणि घर ज्याच्या खांद्यावर चालत होतं तो माणूस खाटेला खिळला. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला, कापूस वेचायला जायची. तेवढ्यावर आम्ही चौघं: आई, आप्पा, मी आणि धाकटा भाऊ. मी नुकतीच बारावी झाले होते. मार्क चांगले होते, पण त्या दिवसांत आमच्या घरात मार्कांचा विषय कुणी काढत नव्हतं. सकाळी भाकरी फडक्यात बांधताना आई माझ्याकडे बघायची. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं. शेतावर आणखी एका बाईला काम होतं, आणि घरात आणखी एक बाई तयार झाली होती.

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला माणसं येतात. खाटेजवळ बसतात, सुस्कारा टाकतात, आपल्या नात्यातल्या याहून वाईट पडलेल्या कुणाची तरी हकिगत सांगतात आणि चहा पिऊन जातात. बारदान नाना आले ते सुस्कारा न टाकता आप्पांच्या अंगावरच्या गोधडीचं टोक चिमटीत धरून बसले. अंगठ्यानं चोळलं, डोळे अर्धे मिटले.

"हाई गोधडी कोनी शिवेल शे?"

"मनी मायनी," आप्पा म्हणाले.

"हिना पोटमा अजून दोन लुगडा जित्ता शेतस."

"नाना, तुम्ही माले देखाले येल शेतस का गोधडीले?"

"तू काय, बरा व्हई जाशी. कापड वाया जाई राहिनं ना!"

आप्पा हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच हसले, आणि पाठीत कळ आली म्हणून लगेच ओरडले.

माणूस भेटला की लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. बारदान नाना आधी कापडाला हात लावायचे. पंगतीत वाढणाऱ्या पोराच्या शर्टाची बाही, बसमध्ये शेजारच्याचा गमछा, तालुक्याला चोपड्यात कापडवाल्या शेटजींच्या दुकानातल्या गादीची खोळ, काहीही. बोलणं मागाहून. कुणाच्या सदऱ्यातून दोरा लोंबताना दिसला तर तो हळूच ओढून काडेपेटीच्या काडीला गुंडाळून ठेवायचे. अशा गुंडाळलेल्या काड्यांनी त्यांचा खिसा भरलेला असे. विडी पेटवायला माणूस काडी मागायचा आणि हातात रंगीत दोरा यायचा.

हे आप्पांचे चुलत काका. उभी हयात चोपड्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात गेली. फाटलेली पोती सांधायची, कापसा-सरकीनं भरलेल्या पोत्यांची तोंडं दाभणानं शिवायची, हे काम. पोत्यांना आमच्याकडे बारदान म्हणतात, म्हणून ते बारदान नाना. जिनिंग बंद पडली, त्याच सुमारास बायको गेली. एकुलती मुलगी भुसावळला रेल्वेतल्या जावयाकडे. नाना गावी परतले ते दाभण आणि एक जुनी पायमशीन घेऊन. मशीन शेटजींच्या दुकानातला शिंपी सोडून गेला त्याची. ती आमच्या घरासमोरच्या आपल्या ओट्यावर मांडून नाना चिंध्या शिवायला बसले. पुरुषानं गोधड्या-पिशव्या शिवायच्या, ही गावाला रोजची करमणूक झाली.

"काय नाना, आज कोना परकर शिवा?" जाता-येता कुणीतरी विचारायचं.

"तुना बापना धोतरना शिवा," नाना मान वर न करता सांगायचे. "तो आते प्यांट घालस ना रे, धोतर काय करी?"

नवं कापड घेऊन कुणी आलं तर नाना ते परत करायचे. "नवं कापड कोन्ही बी शिवी. चोपड्याले जाय." त्यांना हवी असायची गुडघ्यावर विरलेली पॅन्ट, मधोमध फाटलेलं लुगडं, काड्या मोडलेली छत्री, सिमेंटची गोणी, केळीचा घड झाकायच्या पांढऱ्या पिशव्या ज्या घड कापल्यावर बांधाबांधावर पडलेल्या असतात त्या. आणि ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्या. या नळ्यांचा उपयोग मी दुसऱ्या कुणाकडे बघितला नाही. नाना नळीचा वीतभर तुकडा कापून पिशवीच्या बंदाच्या आत घालायचे. पिशवीत कितीही ओझं भरा, बंद हाताला कापत नाही.

आप्पांना बघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी नाना परत आले, पण उंबऱ्यातच थांबले. आई चुलीपाशी होती. नाना नात्यानं तिचे चुलत सासरे; म्हणजे डोक्यावर पदर, तोंड फिरवलेलं आणि बोलणं बंद. आमच्या भावकीत सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही, मग सासरा सख्खा असो की चुलत. नाना मला म्हणाले, "पोर, तुनी मायले सांग, ती गोधडी उसवानी शे. आन मंग शिवानं काम शिकानं शे."

आई तिथेच होती. सगळं ऐकत होती. तरी ती मला म्हणाली, "त्यासले सांग, माले सुई धरता येत नही."

"तिले सांग, कापूस येचस ना ती? कापूस येचता येस त्याले सुई येस."

असं माझ्या तोंडून आईचं शिक्षण सुरू झालं. मी मध्ये बसायची, एका बाजूला मशीनवर नाना, दुसऱ्या बाजूला पदर ओढून आई. "तुनी मायले सांग, टाका लांब पडना." "त्यासले सांग, दोरा तुटस." "तिले सांग, दोरा नही तुटत, तिना हात घाई करस. वढानं नही, येऊ देवानं." कधी कधी मी कंटाळून गप्प बसले तर दोघंही थांबायचे, माझ्याकडे बघायचे, आणि मी तेच वाक्य परत म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. आप्पा समोर आमच्या घरातून, खाटेवरून ओरडायचे, "पोरले पगार द्या रे कोन्ही!"

नाना ओरडायचे नाहीत. शिवण वाकडी गेली की कापड काढून घ्यायचे, आपल्या हातानं सगळी शिवण उसवायचे, दोरा ओढून काडीला गुंडाळायचे आणि कापड परत पुढे सरकवायचे. आई रागानं लाल व्हायची. सासऱ्यावर रागावता येत नाही, म्हणून संध्याकाळी तो राग भांड्यांवर निघायचा.

कापड ओळखायची त्यांची एक रीत होती. "कापड मरस कोठे? घडीवर," ते म्हणायचे. लुगडं वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं की घडीवर विरतं, बसायच्या जागी विरतं, पायाशी विरतं. पण काठ जिवंत असतो, निऱ्यांच्या आतली बाजू जिवंत असते. पॅन्ट गुडघ्यात मरते, पोटरीत धडधाकट असते. ते आधी सगळं सोड्यात उकळून उन्हात वाळवायचे, मग दोन्ही हातांनी ताणायचे. फाटलं ते आत भरायला, टिकलं ते वर लावायला. मेलेल्या टीशर्टच्या पट्ट्या कापून वेणी घालायची आणि तिची पायपुसणी. उरलेला बारीक चुरा उशीत. फेकायला काही उरायचं नाही. एकदा मी विचारलं, "नाना, यातलं काहीच टाकायचं नाही का?" तर म्हणाले, "टाकानं ना. सुई मोडनी की टाकानी." मग थोडं थांबून, "नही, तिना बी खिळा व्हस."

गावातले लोक शेत बटाईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं देतात तसं नाना चिंध्या बटाईनं घ्यायचे. बाईनं बोचकं आणून द्यायचं. त्यातल्या अर्ध्या कापडाची तिला गोधडी, दुपटी, बाजाराची पिशवी शिवून मिळायची, अर्धं नानांचं. दोन्ही बाजूंना एका दमडीचा व्यवहार नाही. नानांच्या वाट्याचं कापड आता आई शिवू लागली आणि त्याच्या पिशव्या आम्ही विकू लागलो. घरात एक दिवस सरळ ठरलं. आप्पांनीच ठरवलं. शिवण चाललं तर माझं कॉलेज चालेल. शिवण थांबलं तर मी आईबरोबर शेतात. कुणी रडलं नाही, कुणी भाषण केलं नाही. मी चोपड्याच्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलं.

माझी कॉलेजची पिशवी नानांनी शिवली. खाकी पॅन्टचे दोन पाय, आतून सिमेंटच्या गोणीचं अस्तर म्हणजे पावसात वह्या भिजत नाहीत, वरच्या झाकणाला छत्रीचं काळं कापड, बंदात ठिबकची नळी. अशा गोष्टी लिहिताना लोक लिहितात की मला सुरुवातीला लाज वाटली. मला वाटली नाही. माझी पिशवी वर्गातल्या सगळ्यांच्या पिशव्यांपेक्षा मजबूत होती आणि ते मला माहीत होतं. पहिल्याच पावसात मुलींच्या वह्यांची शाई पसरली, माझी नाही. आठवड्याभरात दोघीतिघी आपापल्या बापाच्या जुन्या पॅन्टी घेऊन बसस्टँडवर माझी वाट बघत होत्या. पुढे आमच्या कॉलेजच्या मॅडमनीही आपल्या आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाचे बंद लावलेली पिशवी शिवायला सांगितली. काठाचे बंद मुलींना फार आवडायचे. नाना म्हणायचे, "चोपड्यानी पोरी हुशार शेतस. त्यासले बरोब्बर जित्तं कापड दिसस."

त्यांचं स्वतःचं दिसणं मात्र कमी होत चाललं होतं. आम्हाला ते लवकर कळलं नाही, कारण नाना कापड डोळ्यांनी बघतच नव्हते. दोरा ओवायला सुई आईकडे सरकवायचे, तेव्हा आम्हाला वाटायचं, आईला शिकवतायत.

मी तिसऱ्या वर्षाला गेले त्या साली हे सगळं मोडायची वेळ आली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. सुरतेला, पुण्याला पोटासाठी गेलेला भाऊबंदही त्या दिवशी गावात हजर असतो. आठ दिवस आधीपासून घरं सारवली, धुतली, झटकली जातात, माळे रिकामे होतात. नानांकडे सगळ्यात जास्त बोचकी याच दिवसांत यायची. आमच्या भावकीची कानबाई मोठ्या अक्कांच्या घरी बसायची. मोठ्या अक्का म्हणजे भावकीतली सगळ्यात वडील बाई; आवाज असा की बैल जागा सोडायचे. नारळाला डोळे, नथ, बांगड्या लावून जे लुगडं नेसवायचं ते अक्कांच्या सासूचं होतं. वर्षातून एकदा बाहेर निघायचं, सोमवारी विसर्जनानंतर परत फडक्यात बांधून माळ्यावर.

त्या वर्षी अक्कांच्या घरी धाकटी सून नवी होती. धुळ्याची, शहरात वाढलेली, जीव लावून काम करणारी. माळा झाडताना तिला विटक्या फडक्यात बांधलेलं जुनं लुगडं सापडलं. तिनं ते इतर जुन्या कपड्यांत घालून बोचकं नानांच्या ओट्यावर आणून दिलं. मी तिथे बसून बटणं लावत होते. नानांनी लुगडं चिमटीत धरलं, डोळे मिटले आणि खूश झाले. "काय सूत शे! असं आते कोठे भेटस?" त्यांच्या बोटांना सूत कळलं. काठावर जागोजागी पडलेले हळदी-कुंकवाचे डाग त्यांच्या डोळ्यांना दिसले नाहीत. आई शेतात होती, तिनं बघितलं असतं तर ओळखलं असतं. मी बटणांत होते. आणि कानबाईकडे मी आजवर कधी लुगड्यासाठी बघितलं नव्हतं.

शनिवारी अक्कांनी माळ्यावरून देवीचं लुगडं काढायला सांगितलं. तोपर्यंत त्याचे काठ पिशव्यांचे बंद होऊन चोपड्याला गेले होते आणि मधला भाग दोन वेगवेगळ्या घरांच्या गोधड्यांत शिवला गेला होता.

अक्का नानांच्या ओट्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मागे भावकीतल्या बाया, सगळ्यात मागे ती धाकटी सून, पांढरीफटक.

"नाना, देवीनं लुगडं कोठे शे?"

नानांनी जे खरं ते सांगितलं. बंद कुठे गेले, गोधड्या कुणाच्या, सगळं. मग अक्कांनी मागे वळून सुनेकडे बघितलं आणि नाना मध्येच बोलले, "वहूना काय बी दोस नही, अक्का. ती देत नव्हती. मीच मांगी लिधं, मीच कापं."

हे खोटं होतं. मला माहीत होतं, त्या सुनेला माहीत होतं. दोघीही गप्प राहिलो, कारण नानांनी ते असं म्हटलं की त्यावर बोलायची सोयच ठेवली नाही.

संध्याकाळपर्यंत बाया एकेक करून आल्या आणि आपापली बोचकी उचलून घेऊन गेल्या. कुणी शिवी दिली नाही. "आमना कपडा आमले द्या," एवढंच. ज्या माणसाला देवीचं लुगडं कापताना कळलं नाही त्याच्या हाती घरातलं कापड कोण देईल? नानांनी मशीनवर पोतं टाकलं आणि भिंतीला टेकून बसले. माझ्या प्रवेशाची फी भरायची मुदत संपत आली होती. काय ठरलेलं आहे ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आईनं कोपऱ्यातला विळा काढून धार लावून ठेवला.

रविवारी सकाळी भावकीतली मोठी माणसं अक्कांच्या अंगणात जमली. ठरवायच्या गोष्टी दोन. कानबाईला काय नेसवायचं, आणि नानांना यंदा रोटाला, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पंगतीला, बसू द्यायचं की नाही. कानबाईच्या रोटाला न बसवणं म्हणजे भावकीतून बाहेर बसवणं. नाना एका कडेला उकिडवे बसले होते. कुणीतरी म्हणालं, चोपड्याला माणूस पाठवा, चांगलंसं नवं लुगडं आणा.

"दुकाननं नको," अक्का म्हणाल्या. "ज्या लुगडामा कोना घाम गायेल नही, ते मनी कानबाईले नको."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला आणि मला आधी कळलंच नाही की तो माझ्या आईचा आहे. मोठ्या माणसांच्या बैठकीत तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण तोंड सगळ्यांकडे होतं.

"अक्का, मी बोलू का?"

अक्का तिच्याकडे वळल्या.

"रोटना गहू आपन कसा काढतस? घर घरना मानूस मोजीसन काढतस ना? बठ्ठासना गहू एकमा दळतस. मंग लुगडं बी तसंच करूत. परतेक घरमाईन एक तुकडा. घाम गायेल लुगडाना."

"कापेल कापड देवीले नेसाडशी?" अक्का कडाडल्या.

"रोट बी ते दळेलच शे ना, अक्का? आख्खा गहू कोन खास?"

अंगणात कुणीतरी खोकलं. पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. अक्का म्हणाल्या, "तोंड शे व तुले! इतला वरीस कोठे ठेयेल व्हतं?"

हसू आधी बायांत फुटलं. अक्का हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि स्वतःचं जुनं हिरवं लुगडं घेऊन आल्या. आईच्या पुढ्यात टाकलं.

"काप. पन मना समोर काप."

त्या दिवशी नानांची मशीन उचलून अक्कांच्या अंगणात आणली. घराघरांतून तुकडे आले. कुणी सासूच्या लुगड्याचा आणला, कुणी आपल्या बाळंतपणातल्या. ती धाकटी सून आपल्या लग्नातल्या शालूचा कोपरा घेऊन आली. अक्कांनी तो तिच्या हातातून घेतला, चोळून बघितला आणि आईकडे दिला. मग तिला चहा ठेवायला सांगितलं, म्हणजे राग संपला. आमच्या घरातून आईनं कापूस वेचायला नेसते त्या लुगड्याचा तुकडा घातला. पेटीत त्याहून चांगलं होतं. तरी घामाचं तेच घातलं.

नानांनी कापडाला हात लावला नाही. "देवीनं बाईच शिवो," म्हणाले, आणि जरा लांब बसले. पण राहवेना. एका कोपऱ्याशी तीन तुकडे एकत्र येत होते, मशीनचा आवाज अडखळला, आणि ते मला म्हणाले, "पोर, तुनी मायले सांग, कोपरा आधी..."

"नाना, माले सांगा," आई म्हणाली. "पोर किती दिवस पुरी पडी?"

नानांनी मान खाली घातली. म्हणाले, "बरं वहू. कोपरा आधी हातवर शिव, मंग मशीनवर."

दिवस मावळायच्या आत लुगडं झालं. त्या वर्षी कानबाई हिरव्या, तांबड्या, जांभळ्या तुकड्यांच्या लुगड्यात बसली. सोमवारी विसर्जनाला निघताना म्हाताऱ्या एकमेकींना दाखवत होत्या, "तो पट्टा मना. तो तिना. तो देख, आपली गयेल जाऊना." नाना रोटाला बसले. अक्कांनी आपल्या हातानं वाढलं, आणि वाढताना सुनावलंही, "आते डोया दाखाडी ये, कापाले बसाना आधी." पुढे आमच्या भावकीत रीतच पडली. नवी सून आली की पहिल्या श्रावणात तिच्या एका लुगड्याचा तुकडा कानबाईच्या लुगड्यात जोडायचा. आई जोडते.

बोचकी परत आली. जी उचलून नेली होती ती आलीच, दुसऱ्या भावक्यांतलीही आली. शेजारच्या गावातून आली. आईनं शेतात जाणं सोडलं. माझी फी भरली गेली.

नानांना जावई धुळ्याला घेऊन गेला आणि मोतीबिंदू काढून आणला. डोळ्यांवर काळा चष्मा लावून ओट्यावर बसले. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर आपणच शिवलेल्या गोधड्या उलगडून बघितल्या. बघता बघता हसायला लागले. "हाई शिवन मनी शे? इतली वाकडी? आन कोन्ही माले सांगं बी नही!" आई म्हणाली, "सांगाना का, तुम्ही उसवाले लावतस!" दोघं आता असं बोलायचे. मला मध्ये बसायची गरज राहिली नव्हती. मला त्याचं थोडं वाईटच वाटायचं.

त्या हिवाळ्यात मुलगी त्यांना कायमचं भुसावळला न्यायला आली. नानांची मशीन, दाभण, कात्री, काड्यांचे दोरे, सगळं आईकडे आलं. जाताना त्यांनी मशीनकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी बसस्टँडवर पोचवायला गेले तेव्हा नाना मला म्हणाले, "भुसावळले क्वार्टरमा बठ्ठं नवं शे व. पडदा नवा, चादर नवी. माले करमाव नही." गाडी सुटेपर्यंत तीच कुरकुर. मुलगी मागून म्हणाली, "आबा, तिथं फाडाल चादरी, मी सांगून ठेवते." नाना म्हणाले, "देखूत."

माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन भुसावळला गेले. नाना खाटेवर होते, बरेच वाळले होते. पेढा तोंडात धरून बराच वेळ चघळत राहिले. निकालाचं त्यांनी विचारलं नाही, तो माझ्या तोंडावर दिसला असावा. विचारलं ते आईचं.

"तुनी माय काय करी राहिनी?"

"दोन बायांना शिकवते आहे."

"उसवस का?"

"तुमच्याहून जास्त उसवते. बाया रडतात."

नाना समाधानानं म्हणाले, "मंग शिकतीन." आणि डोळे मिटले. मुलीनं खूण केली, मी उठले. पुढच्या उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, ते गेले. बातमी आली त्या दिवशी आईनं मशीन बंद ठेवली, दुसऱ्या दिवशी सुरू केली. बायांची बोचकी वाट बघत होती.

आज आईच्या शिवणघरात आमच्या गल्लीतल्या विधवा, सोडलेल्या, नवऱ्याला दारू लागलेल्या बाया बसतात. त्यांच्या हातच्या पिशव्या जळगावपर्यंत जातात. आप्पा काठी धरून चालतात आणि ओट्यावर बसून बोचकी वेगवेगळी करतात. जुनी माणसं त्यांनाही 'आज कोना परकर?' असं विचारतात आणि तेही तोंडास तोंड देतात. धाकटा भाऊ आयटीआय करून वायरमन झाला. मी जळगावला एका ऑफिसात हिशेब बघते. मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात पहिली, पोरांतही आणि पोरींतही.